अर्पण व आत्मत्याग, ख्रिस्ती उपासनेतील

ईश्वराच्या उपासनेचा भाग म्हणून भक्ताने स्वतःचे धन, धान्य, वेळ, श्रम, सुख व प्रसंगी प्राणही स्वेच्छेने वाहणे, यास ख्रिस्ती परंपरेत अर्पण म्हणतात. या अर्पणामागील ‘स्व’ सोडून देण्याच्या वृत्तीस आत्मत्याग अशी संज्ञा देता येईल. ख्रिस्ती श्रद्धेनुसार मानवाच्या पापक्षालनासाठी आवश्यक असलेले बलिदान येशू ख्रिस्ताने क्रूसावर एकदाच आणि सर्वांसाठी केले. त्यामुळे भक्ताचे अर्पण हे ईश्वरी कृपेचे मोल ठरत नाही. ते त्या कृपेस दिलेला कृतज्ञ प्रतिसाद ठरते. यातूनच अर्पणाचे मूल्य वस्तूच्या किमतीवर अवलंबून नसून देणाऱ्याने त्यात स्वतःस किती घातले यावर अवलंबून असते, हे तत्त्व निष्पन्न झाले. प्रत्यक्षात मात्र या तत्त्वास अनेकदा बाध आला. अर्पणाचा कधी कर झाला, कधी देवाशी केलेला सौदा झाला, तर कधी त्याचा भार देणाऱ्याऐवजी त्याच्यावर अवलंबून असलेल्या दुर्बळांवर पडला. ख्रिस्ती अर्पणाचा इतिहास हा बव्हंशी हे तत्त्व आणि हे दोष यांच्यामधील संघर्षाचा इतिहास आहे.

संज्ञा : जुन्या करारात अर्पणासाठी ‘कॉर्बान’ हा हिब्रू शब्द येतो. ‘जवळ येणे’ या अर्थाच्या धातूपासून तो बनला असून ‘देवाच्या जवळ आणलेली वस्तू’ असा त्याचा अर्थ होतो. अरबी ‘कुर्बान’ हा शब्द याच सेमिटिक धातूवरून आला आहे आणि मराठीत रूढ असलेला ‘कुर्बानी’ हा शब्द त्याच कुळातील होय. केरळमधील सिरियन ख्रिस्ती लोक प्रभुभोजनाच्या उपासनेस ‘कुर्बाना’ म्हणतात. यूरोपीय भाषांत रूढ झालेला लॅटिन शब्द ‘साक्रिफिकियुम’ हा ‘साकेर’ (पवित्र) व ‘फाकेरे’ (करणे) या दोन शब्दांपासून बनला आहे. गमावणे किंवा दुःख सोसणे हा अर्थ यांपैकी कोणत्याही शब्दात मुळात नाही. रोजच्या व्यवहारातील वस्तू बाजूला काढून ती देवाच्या सान्निध्यात नेणे, हा मूळ अर्थ. त्यासाठी करावा लागणारा त्याग हा त्याचा परिणाम होय.

ज्यू परंपरेतील पूर्वपीठिका : ख्रिस्ती धर्मास अर्पणाची कल्पना ज्यू धर्माकडून मिळाली. लेवीय या ग्रंथात होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण व दोषार्पण असे अर्पणाचे प्रमुख प्रकार सांगितले आहेत. होमार्पणात पशूचे मांस संपूर्णपणे वेदीवर जाळले जाई. शांत्यर्पणात त्याचा काही भाग अर्पण करणारा व त्याचे आप्त एकत्र भोजनात घेत. देणाऱ्याच्या ऐपतीचा विचार या विधींतच केलेला आढळतो. पापार्पणासाठी मेंढी किंवा शेळी आणणे ज्यास शक्य नसेल त्याने दोन होले किंवा पारव्याची दोन पिले आणावीत आणि तेही न जमल्यास एफाचा दहावा भाग सपीठ आणावे, अशी सवलत होती (लेवीय ५ : ७–११). येशूच्या जन्मानंतर मरियेने जे शुद्धीकरणाचे अर्पण केले ते पक्ष्यांच्या जोडीचेच होते, असा लूकच्या शुभवर्तमानात निर्देश आहे. त्यावरून त्या कुटुंबाची गरिबी सूचित होते.

अर्पणाने देणाऱ्यास काही तोशीस लागली पाहिजे, हा विचार दावीद राजाच्या कथेत स्पष्टपणे आला आहे. महामारी थांबावी म्हणून वेदी बांधण्यासाठी दावीद अरवना यबूसी याच्या खळ्यावर गेला. अरवनाने खळे, बैल व सर्पण ही सर्व विनामूल्य देऊ केली. परंतु स्वतःस ज्याची किंमत पडली नाही असे होमार्पण देवास वाहण्याचे दावीदाने नाकारले आणि चांदीचे ५० शेकेल देऊन खळे व बैल विकत घेतले (२ शमुवेल २४). याउलट, केवळ किंमत मोजल्याने अर्पण स्वीकारार्ह होत नाही, असे आमोस, होशेय, यशया व मीखा या इ. स. पू. आठव्या शतकातील संदेष्ट्यांनी बजावले. न्याय, दया व नम्रता यांवाचून केलेले यज्ञ व उत्सव ईश्वरास तिटकारा आणतात, अशी त्यांची भूमिका होती. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरूसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केल्यावर ज्यूंचे पशुयज्ञ थांबले. ज्यू धर्मात प्रार्थना, शास्त्राध्ययन व दानधर्म यांना त्यांचे स्थान मिळाले.

येशूची शिकवण : येशूने मंदिरातील अर्पणाची प्रथा सरसकट नाकारली नाही, तथापि तिच्यापुढे काही अटी ठेवल्या. भावाच्या मनात आपल्याविषयी काही अढी आहे असे वेदीपाशी आठवल्यास अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असे डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे. पुदिना, शेप व जिरे यांचा दशांश काटेकोरपणे देऊन न्याय, दया व विश्वास यांकडे दुर्लक्ष करणाऱ्यांवर त्याने टीका केली. एखादी मालमत्ता ‘कुर्बान’ म्हणजे देवास वाहिलेली आहे असे जाहीर करून वृद्ध आईबापांना तिचा लाभ मिळू न देण्याच्या प्रथेचाही त्याने निषेध केला (मार्क ७ : ९–१३). दुसऱ्याचे न्याय्य देणे बुडवून केलेला त्याग हा त्यागच नव्हे, हे या प्रसंगाचे तात्पर्य होय.

या विषयातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण गरीब विधवेच्या दानाचे आहे (मार्क १२ : ४१–४४). मंदिराच्या भांडारात श्रीमंत लोक पुष्कळ पैसे टाकत असता एका विधवेने दोन ‘लेप्टा’ टाकले. लेप्टा हे त्या काळी प्रचारात असलेले सर्वांत लहान तांब्याचे नाणे असून दोन लेप्टा म्हणजे एक रोमन ‘क्वाद्रान्स’, असा खुलासा शुभवर्तमानकाराने केला आहे. मजुराची एक दिवसाची मजुरी सामान्यतः एक दिनार असे आणि एका दिनारात ६४ क्वाद्रान्स होत. म्हणजेच विधवेचे दान एका दिवसाच्या मजुरीच्या चौसष्टाव्या भागाइतके होते. इतरांनी आपल्या विपुलतेतून दिले, हिने आपली सारी उपजीविका दिली; म्हणून तिचे दान सर्वांहून अधिक, असा निर्वाळा येशूने दिला. किती दिले यापेक्षा देऊन मागे काय उरले यावर दानाचे मोजमाप करण्याची रीत ख्रिस्ती प्रवचनांत या कथेमुळेच रुजली.

आधुनिक काळात या कथेचा दुसराही अर्थ सुचविण्यात आला आहे. अमेरिकन बायबलतज्ज्ञ ॲडिसन राइट यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका लेखात कथेच्या संदर्भाकडे लक्ष वेधले. या प्रसंगाच्या लगेच आधी विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांचा धिक्कार आहे आणि लगेच नंतर मंदिराच्या विनाशाचे भाकीत आहे. त्यामुळे येशूचे उद्‌गार स्तुतीचे नसून, जिच्याकडून धर्मव्यवस्थेने शेवटचा पैसाही काढून घेतला अशा स्त्रीविषयीच्या हळहळीचे आहेत, असे राइट यांचे प्रतिपादन आहे. सर्व अभ्यासकांना ते मान्य नाही. परंतु गरिबाच्या त्यागाचा गौरव करताना तो त्याग मागणाऱ्या संस्थेचीही परीक्षा झाली पाहिजे, ही जाणीव त्यामुळे अधिक तीव्र झाली.

पौलाची मीमांसा : अर्पणाचा संबंध पशूपासून तोडून माणसाच्या समग्र जीवनाशी जोडण्याचे कार्य प्रामुख्याने संत पौल याने केले. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात त्याने श्रोत्यांना आपली शरीरे ‘जिवंत यज्ञ’ म्हणून अर्पण करण्याचे आवाहन केले (१२ : १). पारंपरिक यज्ञात बळीचा अंत होत असे. येथे अर्पण केलेला माणूस जगत राहतो आणि त्याचे दैनंदिन आचरण हीच उपासना ठरते. जेरूसलेममधील गरीब ख्रिस्ती लोकांसाठी पौलाने ग्रीस व आशिया मायनरमधील मंडळ्यांतून वर्गणी जमविली. त्यासाठी प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या प्राप्तीप्रमाणे काही बाजूला ठेवावे, असे त्याने सुचविले. मॅसिडोनियाच्या मंडळ्यांनी अत्यंत गरिबीत असूनही शक्तीबाहेर दिले व त्याआधी स्वतःस दिले, असे सांगून करिंथकरांपुढे त्यांचा आदर्श ठेवला. परंतु दान खेदाने अथवा सक्तीने देऊ नये आणि इतरांची सोय करताना देणाऱ्यांची कोंडी होऊ नये, असेही स्पष्ट केले (२ करिंथ ८–९). प्रीती नसेल तर सर्वस्वाचे दान व देहाचा त्यागही व्यर्थ होय, हे त्याचे मत सुविख्यात आहे. इब्री लोकांस पत्रात ख्रिस्ताचे बलिदान एकदाच झालेले व पुरेसे मानले असून स्तुती, परोपकार व आपल्याजवळ असेल त्यात इतरांना वाटेकरी करणे, हेच भक्तांचे यज्ञ होत असे म्हटले आहे.

प्राचीन चर्चमधील प्रथा : दुसऱ्या शतकाच्या मध्याचे सुमारास जस्टिन मार्टर याने रोममधील रविवारच्या उपासनेचे वर्णन केले आहे. ज्यांची ऐपत व इच्छा असेल ते स्वेच्छेनुसार देत व जमलेला निधी अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परके यांच्या साहाय्यासाठी अध्यक्षाकडे ठेवला जाई. टर्टलियन याने इ. स. १९७ च्या सुमारास लिहिताना उत्तर आफ्रिकेतील मंडळीच्या सामाईक पेटीचा उल्लेख केला असून, तीत दर महिन्यास ज्याने त्याने स्वखुशीने टाकावे, धर्माला विक्रीची किंमत नसते, असा अभिप्राय दिला आहे. प्रभुभोजनासाठी लागणारी भाकर व द्राक्षारस भक्तजन घरून आणीत. श्रीमंत असूनही रिकाम्या हाताने येणाऱ्या व गरिबांनी आणलेल्या अर्पणातील वाटा घेणाऱ्या स्त्रीस कार्थेजचा बिशप सिप्रियन (मृ. २५८) याने कठोर शब्दांत दोष दिला आहे. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये भक्तांनी घरी भाजलेली ‘प्रोस्फोरा’ ही आंबवलेल्या पिठाची भाकर अर्पण करण्याची चाल आजही आढळते.

आत्मार्पणाची तात्त्विक मांडणी संत ऑगस्टीन (३५४–४३०) याने ईश्वरनगरी या ग्रंथाच्या दहाव्या खंडात केली. दृश्य अर्पण हे अदृश्य अर्पणाचे चिन्ह असून, चर्च वेदीवर जे वाहते त्यात ते स्वतःच वाहिले जाते, असा त्याचा सिद्धांत आहे. त्याचा समकालीन जॉन क्रिसोस्टम याने ख्रिस्तमंदिरात रेशमी वस्त्रे व सोन्याची पात्रे वाहणाऱ्यांना, बाहेर थंडीने कुडकुडणाऱ्या व उपाशी माणसाच्या रूपातील ख्रिस्ताकडे पाठ फिरवू नका, असे बजावले. मिलानचा बिशप अँब्रोझ याने युद्धकैद्यांच्या सुटकेसाठी चर्चची पवित्र पात्रे वितळविली आणि या कृतीचे जाहीर समर्थन केले. देवास वाहिलेली वस्तूही माणसाच्या प्राणापुढे दुय्यम, हा दंडक त्यामुळे दृढ झाला.

दशांश व सक्ती : आरंभीच्या ख्रिस्ती समाजात उत्पन्नाचा दहावा भाग देण्याचा नियम नव्हता. पश्चिम यूरोपात तो हळूहळू रूढ झाला. ५८५ मध्ये माकाँ येथील धर्मसभेने दशांश न देणाऱ्यास बहिष्काराची शिक्षा ठरविली आणि ७७९ मध्ये शार्लमेनने राजाज्ञेने तो बंधनकारक केला. या उत्पन्नातून धर्मगुरूंचा योगक्षेम, मंदिरांची डागडुजी व गरिबांचे पोषण व्हावे, असा उद्देश होता. परंतु कालांतराने अनेक ठिकाणी दशांश वसूल करण्याचा हक्क मठांकडे किंवा सरदारांकडे गेला आणि शेतकऱ्यास तो इतर करांसारखाच जाचक वाटू लागला. फ्रान्समध्ये १७८९ च्या राज्यक्रांतीत दशांश रद्द झाला; इंग्लंडमध्ये १८३६ च्या कायद्याने धान्यरूप दशांशाचे रोख आकारणीत रूपांतर करण्यात आले. जर्मनीत चर्चच्या नोंदणीकृत सभासदांकडून आयकराच्या ८ किंवा ९ टक्के इतका चर्चकर शासनामार्फत वसूल केला जातो. अशा करातून संस्था स्थिरपणे चालतात. मात्र त्यास उपासनेतील अर्पण म्हणता येईल काय, हा प्रश्न तेथील धर्मशास्त्रज्ञांतही वादाचा आहे.

धर्मसुधारणा व त्यानंतर : सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या मुळाशी अर्पणाविषयीचाच वाद होता. पापदंडमाफीची पत्रे विकत घेण्यापेक्षा गरिबास देणे श्रेयस्कर, असे मार्टिन ल्यूथरने १५१७ च्या आपल्या ९५ प्रमेयांपैकी एकात म्हटले होते. १५२० मध्ये त्याने मिस्सा हे माणसाने देवास वाहिलेले बलिदान आहे, ही कल्पनाच अमान्य केली. देव देतो व माणूस घेतो, अशी प्रभुभोजनाची दिशा असल्याचे त्याने प्रतिपादिले. याला उत्तर म्हणून ट्रेंट येथील परिषदेने १५६२ मध्ये असे घोषित केले, की मिस्सा हे खरेखुरे बलिदान असून क्रूसावर अर्पिलेला ख्रिस्तच त्यात रक्तविरहित रीतीने अर्पण होतो. भक्ताचे आत्मार्पण मात्र दोन्ही पक्षांना मान्य होते. इंग्लंडच्या चर्चमध्ये टॉमस क्रॅन्मरने १५५२ च्या प्रार्थनापुस्तकात आत्मार्पणाची प्रार्थना प्रभुभोजनानंतर ठेवली. आधी ग्रहण व नंतर अर्पण, असा क्रम त्याने त्याद्वारे सूचित केला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात, भक्तांनी धर्मगुरूबरोबर स्वतःसही अर्पण करण्यास शिकावे असे सांगितले. त्यानंतरच्या सुधारित मिस्साविधीत भक्तजनांनी भाकर, द्राक्षारस व इतर देणग्या मिरवणुकीने वेदीकडे नेण्याची जुनी चाल पुन्हा प्रचारात आली.

जीवनव्यापी त्याग : काहींनी आत्मत्यागास संपूर्ण जीवनाचे रूप दिले. ईजिप्तमधील संत अँटनी व असिसीचा संत फ्रान्सिस यांनी वारशाने आलेल्या संपत्तीचा त्याग केला. दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ही तीन व्रते मठवासी जीवनाचा पाया ठरली. संसारी माणसासाठी जॉन वेस्ली (१७०३–९१) याने निराळा आदर्श सांगितला. ऑक्सफर्डमधील एका तरुणास वर्षाला ३० पौंड मिळत, तेव्हा २८ पौंडांत तो गुजराण करी व दोन पौंड दान देई. पुढे उत्पन्न ६०, ९० व १२० पौंड झाले, तरी त्याने २८ पौंडांतच निर्वाह करून उरलेले सर्व देऊन टाकले, असे उदाहरण वेस्लीने एका प्रवचनात दिले आहे. हा तरुण स्वतः वेस्लीच असावा, असे मानतात. प्राणार्पणाचे अलीकडील उदाहरण म्हणजे पोलिश धर्मगुरू माक्सिमिलियन कोल्बे यांचे होय. आउश्‌विट्‌सच्या छळछावणीत १९४१ मध्ये उपासमारीने मारण्यासाठी निवडलेल्या एका कुटुंबवत्सल कैद्याच्या जागी त्यांनी स्वतःहून मरण पतकरले.

भारतातील आविष्कार : भारतात ख्रिस्ती अर्पणाने स्थानिक कृषिजीवनाशी नाते जोडले. गोव्यात ऑगस्टमध्ये होणाऱ्या ‘कणसांच्या फेस्ता’त भाताच्या नव्या लोंब्या ख्रिस्तमंदिरात आशीर्वादित केल्या जातात, मुंबई व वसई भागातील ईस्ट इंडियन समाजाचा ‘आगेरा’ हा सणही नव्या पिकाच्या अर्पणाचा आहे. मिझोरममधील (त्या वेळच्या लुशाई टेकड्या) प्रेसबिटेरियन मंडळीत १९१० मध्ये सुरू झालेली मूठभर तांदळाची प्रथा विशेष उल्लेखनीय होय. स्वयंपाकासाठी तांदूळ घेताना गृहिणी त्यांतील एक मूठ बाजूला काढून ठेवते. घरोघरचे हे तांदूळ गोळा करून विकतात व त्या निधीतून चर्चचे कार्य चालते. ज्यांच्या हाती रोख पैसा नव्हता अशा स्त्रियांना दानाचा अधिकार या प्रथेने मिळवून दिला.

महाराष्ट्रात पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८९६–९७ च्या दुष्काळातील निराधार मुली व विधवांना आश्रय दिला व केडगाव येथे मुक्तिसदन उभारले. बायबलच्या मूळ हिब्रू व ग्रीक संहितांवरून त्यांनी मराठी भाषांतर केले आणि त्याच्या छपाईचे काम आश्रमातील स्त्रियांनी केले. कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १९१७ मध्ये मिशनची वेतनाची नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. देशी ख्रिस्ती माणसाची सेवा परकीय वेतनावर विसंबून नसावी, हा त्यामागील एक विचार होता. टिळकांच्या निरपेक्ष दातृत्वाची दुसरी बाजू त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांच्या स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात दिसते. हाती आलेले देऊन टाकणाऱ्या पतीच्या संसारात घर चालविताना झालेली ओढाताण त्यांनी विनोदाने, कटुता न आणता सांगितली आहे. एकाने केलेल्या त्यागाचा वाटा घरातील दुसऱ्यासही उचलावा लागतो, याचे हे मराठीतील बोलके साक्ष्य होय.

आधुनिक विचार व आक्षेप : विसाव्या शतकात आत्मत्यागाच्या कल्पनेची अनेक अंगांनी चिकित्सा झाली. जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहोफर (१९०६–४५) याने १९३७ मधील ग्रंथात, ज्यासाठी काहीच सोडावे लागत नाही अशा ‘स्वस्त कृपे’वर टीका केली. अमेरिकन विदुषी व्हॅलरी सेव्हिंग यांनी १९६० मधील एका निबंधात दाखवून दिले, की अहंकार हेच मूळ पाप व आत्मत्याग हाच त्यावरील उपाय हे समीकरण पुरुषांच्या अनुभवावर बेतलेले आहे. ज्या स्त्रीस बालपणापासून स्वतःला विसरण्याचीच शिकवण मिळाली, तिला आणखी त्याग करण्याचा उपदेश तिचे व्यक्तित्वच पुसून टाकू शकतो. याउलट, अमेरिकन प्रचारक ओरल रॉबर्ट्स (१९१८–२००९) यांच्या ‘बीजरूप श्रद्धे’च्या शिकवणीत दान हे बीज असून त्याचे पीक देणाऱ्यास मिळते, असे मानले जाते. दूरचित्रवाणीद्वारे हा विचार जगभर पसरला. परताव्याच्या आशेने दिलेले दान म्हणजे अर्पण नसून गुंतवणूक होय आणि तिचा फटका अतिशय गरीब श्रोत्यांना बसतो, असा आक्षेप कॅथलिक व प्रॉटेस्टंट अशा दोन्ही पंथांतील विचारवंतांनी घेतला आहे.

या सर्व इतिहासावरून ख्रिस्ती परंपरेने अर्पणाच्या सच्चेपणासाठी मुख्यतः तीन निकष मानल्याचे दिसते. दिलेली वस्तू देणाऱ्याची स्वतःची असावी व तिची तोशीस त्यास स्वतःस लागावी. ती भीती, सक्ती वा लाभाची आशा यांवाचून दिलेली असावी. आणि तिच्यामुळे आईबाप, कुटुंबीय किंवा गरीब यांच्या न्याय्य हक्कास बाध येऊ नये. यांपैकी पहिल्या निकषावर प्रवचनांतून नेहमीच भर दिला गेला. उरलेल्या दोहोंचे स्मरण संदेष्टे, सुधारक व क्वचित लक्ष्मीबाईंसारखे घरातील साक्षीदार यांना वेळोवेळी करून द्यावे लागले.